पैसे गेले, पण बिल भरले का?

गोव्यातल्या वीज आणि गॅसच्या बिलांविषयी वाचकांची बरीच पत्रे साठली आहेत. त्यांतले काही प्रश्न इथे थोडक्यात घेतले आहेत. नावे गाळली आहेत, गाव तेवढे ठेवले आहे.

बिलाच्या शेवटच्या तारखेला रात्री मोबाईलवरून १,८४० रुपये भरले. बँकेतून पैसे गेले, पण अ‍ॅपमध्ये ‘पेंडिंग’च दिसत राहिले. दंड बसेल म्हणून पुन्हा भरले. आता दोनदा भरले गेले की एकदाही नाही? (फोंडा)

मोबाईलवरचा भरणा तीन हातांतून जातो. आधी तुमची बँक, मग ‘भारत बिलपे’ची मधली यंत्रणा आणि शेवटी वीज खात्याची नोंदवही. पैसे पहिल्या टप्प्यावरच कापले जातात. ‘पेंडिंग’ म्हणजे पुढच्या दोघांपैकी कुणाचे तरी उत्तर यायचे आहे. अशा वेळी पुन्हा भरू नये, हे आता सांगून उपयोग नाही. तेव्हा पुढचे पाहू.

अ‍ॅपमधल्या पावतीवर दोन क्रमांक असतात. एक यूपीआयचा बारा आकडी संदर्भ क्रमांक, दुसरा भारत बिलपेचा अक्षरे आणि आकडे मिसळलेला लांब क्रमांक. दोन्ही भरण्यांचे हे क्रमांक लिहून ठेवा. पावतीवर ‘यशस्वी’ असून बिलपेचा क्रमांकही आला असेल, तर पैसे खात्याकडे पोचले असे समजा. दोन्ही भरणे यशस्वी झाले असतील तर जादा रक्कम बँकेत परत येत नाही. ती तुमच्या नावावर जमा राहते आणि पुढच्या बिलात वजा होते. तिथे वजाबाकी दिसली नाही तरच उपविभाग कार्यालयात जायचे.

भरणा अयशस्वी ठरला तर पैसे आपोआप परत यायला हवेत. यूपीआयने व्यापाऱ्याला किंवा बिलासाठी दिलेले पैसे अडकले तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते परत करण्याचे बंधन रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्ये घातले आहे. त्यापुढे उशीर झाला तर बँकेने दिवसाला १०० रुपये द्यायचे असतात. तक्रार ज्या अ‍ॅपमधून भरले त्याच अ‍ॅपमध्ये, त्याच व्यवहारावर बोट ठेवून करा. वीज कार्यालयातला कारकून तुमच्या बँकेतले पैसे शोधू शकत नाही, त्याच्याशी वाद घालून दिवस जातो एवढेच. तीस दिवसांत निकाल लागला नाही किंवा उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, तिला फी नाही.

एक शक्यता उरते, आणि पत्रांवरून पाहता ती बरीच नेहमीची आहे. पैसे ‘यशस्वी’ होतात, पण दुसऱ्याच्याच बिलात जमा होतात. अ‍ॅपमध्ये जुन्या भाड्याच्या घराचा किंवा सासरच्या घराचा सीए नंबर, म्हणजे वीज बिलावरचा ग्राहक खाते क्रमांक, साठवलेला असतो आणि अंगठा तिथेच पडतो. बिल दिसले की रकमेआधी नाव वाचा. नावातली काही अक्षरे झाकलेली असली तरी आपले नाव ओळखू येते. चूक झालीच असेल तर दोन्ही सीए नंबर, पावतीची प्रत आणि रक्कम वळती करण्याचा लेखी अर्ज घेऊन आपल्या उपविभागात जा. ज्याच्या बिलात पैसे गेले त्याचे संमतिपत्र सोबत असेल तर काम लवकर होते. आणि लक्षात ठेवा, अ‍ॅपमध्ये भरायचा तो सीए नंबर, मीटरवर कोरलेला नंबर नव्हे. मीटर बदलला तरी सीए नंबर तोच राहतो.

अ‍ॅप म्हणते ‘कोणतेही बिल बाकी नाही’, पण कागदी बिल माझ्या हातात आहे. (काणकोण)

घरातल्या दुसऱ्या कुणी ते आधीच भरले असेल, किंवा बिल अजून यंत्रणेत चढलेले नसेल. आधी घरात विचारा. कुणीच भरले नसेल तर दोनतीन दिवस थांबून पुन्हा पाहा. शेवटची तारीख अगदी तोंडावर असेल तर कार्यालयाच्या खिडकीवर भरा.

आम्ही मुंबईला असतो. पेडण्याचे घर चवथीला आणि मे महिन्यात उघडतो. मीटर आतल्या बाल्कांवात, म्हणजे ओसरीवर, आहे. रीडर दार बंद बघून जातो आणि अंदाजाने बिल येते. मागच्या खेपेस एकदम मोठी रक्कम आली. काय करावे? (मूळ पेडणे)

गोव्यातल्या बंद घरांचे हे जुने दुखणे आहे. मात्र यात ग्राहकाच्या बाजूने नियम आहेत, आणि फारच थोडे लोक ते वापरतात.

केंद्र सरकारच्या २०२० च्या वीज ग्राहक हक्क नियमांप्रमाणे एका आर्थिक वर्षात दोनपेक्षा जास्त अंदाजे बिले काढता येत नाहीत. रीडरला ओळीने दोन वेळा मीटरपर्यंत पोचता आले नाही, तर ग्राहक स्वतः मीटरचा फोटो नोंदणी केलेल्या मोबाईलवरून किंवा ईमेलने पाठवू शकतो. फोटोत आकडे आणि तारीख स्पष्ट दिसली पाहिजे. चवथीला घर बंद करताना शेवटचे काम म्हणून हा फोटो काढा. किलोवॅट-तास अर्थात केडब्ल्यूएच असे ज्या पडद्यावर येते तोच आकडा हवा. डिजिटल मीटर पाळीपाळीने तारीख, व्होल्टेज, कमाल मागणी असे बरेच काही दाखवतो. घाईत भलताच पडदा टिपला जातो आणि २३४ व्होल्ट हेच ‘रीडिंग’ म्हणून पाठवले जाते.

त्याच नियमांत आणखी एक तरतूद तुमच्यासारख्यांसाठीच आहे. दीर्घकाळ घर बंद राहणार असल्याचे आधी कळवले आणि त्या काळाचा स्थिर आकार आगाऊ भरला, तर खाते त्या मुदतीत नोटीस किंवा अंदाजे बिल पाठवत नाही. स्थिर आकार मंजूर भारावर, म्हणजे किलोवॅटवर, दरमहा लागतो. एक युनिटही वापरले नाही तरी तो द्यावाच लागतो. बंद घराला शून्य बिल का येत नाही, याचे उत्तर हेच. पूर्वी गीझर, एसी, पंप धरून भार जास्त मंजूर करून घेतला असेल आणि आता त्यातले निम्मे बंद असेल, तर भार कमी करण्यासाठी अर्ज द्या. स्थिर आकार कायमचा उतरेल.

मीटर बाहेरच्या भिंतीवर हलवून घेणे हा खरा इलाज. खर्च ग्राहकाकडे येतो, पण दरवर्षीची कटकट संपते. स्वतः वायरमन बोलावून मीटर हलवू नका. मीटरचे सील तुटले तर तो वीजचोरीचा संशय ठरतो. अर्ज खात्याकडेच करा.

मुंबईहून भरायला अ‍ॅप पुरेसे आहे. आगाऊ रक्कम अ‍ॅपमधून स्वीकारली जाते की नाही, ते रक्कम बदलून पाहिल्यावर लगेच समजते. नाही घेतली तर गावी आल्यावर खिडकीवर भरून शिक्क्याची पावती घ्या.

दोन महिन्यांचे बिल एकत्र आले. युनिट ३६०. दर वरच्या टप्प्याचा लावला, असे वाटते. कसे तपासावे? (डिचोली)

घरगुती दराचे टप्पे दरमहाचे असतात. पहिली १०० युनिटे सर्वांत स्वस्त, पुढची १०० थोडी महाग, असे ४०० पर्यंत आणि त्यापुढे सर्वांत वरचा दर. बिल दोन महिन्यांचे असेल तर प्रत्येक टप्पाही दुप्पट व्हायला हवा. तुमच्या ३६० युनिटांपैकी २०० पहिल्या टप्प्यात आणि १६० दुसऱ्या टप्प्यात गेली पाहिजेत. तिसऱ्या टप्प्याला हातही लागायला नको. बिलात १००, १००, १०० आणि ६० अशी चार टप्प्यांत वाटणी दिसली, तर दोन महिन्यांचा वापर एका महिन्यात धरला आहे.

मागील आणि चालू रीडिंगच्या तारखा बघा. अंतर साठ दिवसांच्या आसपास असेल तर त्या दोन तारखांवर गोल करून, त्याच बिलाच्या प्रतीवर दुरुस्तीचा अर्ज द्या. वेगळे लांबलचक पत्र नको. कारकुनाला तारखा दिसल्या की मुद्दा कळतो. इंधन आणि वीज खरेदीच्या खर्चाचा अधिभार आणि राज्याचे वीज शुल्क या ओळी वेगळ्या असतात. त्या बदलत्या असतात, म्हणून फक्त एकूण रकमेची मागच्या बिलाशी तुलना करून काही हाती लागत नाही.

एरव्ही १,३०० ते १,४०० येणारे बिल यंदा ९,४०० आले. भरायचे नाही, असे घरात ठरले आहे. वीज तोडतील का? (म्हापसा)

अजिबात न भरणे ही चूक ठरेल. २००३ च्या वीज कायद्याच्या कलम ५६ मध्ये मधला मार्ग आहे. आकारलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीएवढी रक्कम, यांतली जी कमी असेल ती ‘निषेध नोंदवून’ भरली, तर वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. तुमच्या बाबतीत ती साधारण १,३५० होईल. हे अ‍ॅपमधून करू नका, तिथे निषेध नोंदवायला जागा नाही. लेखी पत्र देऊन खिडकीवर भरा आणि पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. त्याच कलमाप्रमाणे वीज तोडण्याआधी पंधरा पूर्ण दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते.

पैसे भरण्याआधी घरीच एक चाचणी करा. मेन स्विच बंद करून मीटरवरचा लाल दिवा बघा. तरीही तो लुकलुकत असेल तर मीटर सदोष असेल, किंवा मीटर आणि मेन स्विच यांच्यामध्ये गळती किंवा कुणाची जोडणी असेल. तो लुकलुकला नाही तर मेन चालू करा, फ्रिज, दिवे, मोटार सगळे काढा आणि पाणी तापवायचा १,००० वॅटचा रॉड बादलीत लावा. रॉड आधी बादलीत, मग स्विच चालू. आणि चालू असताना पाण्यात हात घालू नका. मीटरवर ‘३२००’ आणि पुढे ‘इंपल्स’ असे छापले असेल तर ३,२०० लुकलुकी म्हणजे एक युनिट. १,००० वॅटचा रॉड तीन मिनिटांत युनिटाचा विसावा भाग खातो, म्हणजे १६० लुकलुकी. व्होल्टेज कमीजास्त असल्याने दहाबारा इकडेतिकडे होतील. २५० झाल्या तर मीटर तपासणीचा अर्ज लगेच द्या. अर्जानंतर तीस दिवसांत तपासणी व्हायला हवी. निकाल पटला नाही तर वीज खात्याच्या ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे आणि त्यानंतर विद्युत लोकपालाकडे जाता येते.

वीज बिल आजोबांच्या नावावर आहे. ते वारले. माझ्या मोबाईलवरून भरले तर चालते का? (साखळी)

चालते. भरणाऱ्याचे नाव कुणी पाहत नाही. पण जोडणी नावावर करून घेण्याचे काम लांबवू नका. भार कमी करणे, मीटर हलवणे, तक्रार, सगळीकडे जोडणी ज्याच्या नावावर तोच अर्जदार लागतो.

स्वयंचलित भरणा लावावा का? (पर्वरी)

बिल नियमित असेल तर जरूर. १५,००० रुपयांपर्यंत दर वेळी पिन लागत नाही आणि पैसे कापण्याच्या २४ तास आधी सूचना येते. ती सूचना वाचण्याची सवय नसेल तर लावू नका, नाहीतर ९,४०० चे चुकलेले बिलही मुकाट्याने भरले जाईल.

पाइपचा गॅस घेतला. मीटरचा फोटो मागितला म्हणून ००१२४३८५ असे आकडे कळवले, तर प्रचंड बिल आले. (पणजी)

गॅस मीटरवर काळे आणि लाल असे दोन प्रकारचे आकडे असतात. काळे आकडे पूर्ण घनमीटर, लाल त्यापुढचे अपूर्णांक. तुमच्या मीटरवर शेवटचे तीन लाल असतील, तर खरे रीडिंग १२४ घनमीटर आहे आणि ३८५ हा त्याचा दशांश भाग. तुम्ही एक लाख चोवीस हजार घनमीटर कळवलेत! काळे आकडेच कळवायचे. फोटो पाठवून रीडिंग दुरुस्तीची मागणी करा, सुधारित बिल येईल.

अंदाज हवा असेल तर १४.२ किलोच्या सिलिंडरएवढी उष्णता साधारण १८ घनमीटर पाइप गॅस देतो. दोन महिन्यांत दोन सिलिंडर लागणाऱ्या घराचा वापर ३६ च्या आसपास असायला हवा. अ‍ॅपमध्ये कंपनी नीट निवडा. उत्तर गोव्यात गोवा नॅचरल गॅस, दक्षिण गोव्यात इंडियन ऑइल-अदानी गॅस. मडगावच्या ग्राहकाने पहिलीवर कितीही शोधले तरी नंबर सापडणार नाही.

‘आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल, या नंबरवर फोन करा’ असा संदेश आला. (वास्को)

फसवणूक आहे. पंधरा दिवसांच्या लेखी नोटिशीशिवाय वीज तोडता येत नाही, हे वर आलेच. फोन केला तर ‘दहा रुपये भरून नोंद अद्ययावत करा’ म्हणून ते एक अ‍ॅप उतरवून घ्यायला लावतात आणि त्यातून मोबाईलचा ताबा जातो. वीज खात्याची मदतवाहिनी १९१२, खात्री तिथेच करा. पैसे गेलेच असतील तर वेळ न दवडता सायबर फसवणुकीच्या १९३० या मदतवाहिनीवर कळवा आणि बँकेला खाते गोठवायला सांगा. पहिल्या तासाभरात कळवले तर पैसे वाटेतच अडवले जाण्याची शक्यता जास्त.

सिलिंडर बुक करतानाच पैसे भरले होते. तरी आणणाऱ्याने वर पन्नास रुपये मागितले. (कुंकळ्ळी)

कॅश मेमोवर ‘ऑनलाइन भरणा’ असे छापून येते. वितरकाच्या हद्दीत घरपोच पोचवण्याचा खर्च छापील किमतीतच असतो, वर काही द्यायचे नाही. मोबाईलवर आलेला डिलिव्हरी कोड सिलिंडर ताब्यात आल्यावरच सांगा, आधी सांगितला तर कागदोपत्री सिलिंडर पोचला. सील बघा. रिकाम्या सिलिंडरचे वजन त्याच्या कड्याखालच्या पट्टीवर लिहिलेले असते, त्यात १४.२ मिळवून वजनकाट्यावर ताडून पाहा. काटा आणणाऱ्याजवळ असायलाच हवा, मागितला की तो टेम्पोतून काढून आणतो.