पायथन येतं, सी येत नाही. वर्कशॉपमधलं मशीन चालवता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पायथन बऱ्यापैकी येतं, सी किंवा सी++ येत नाही, हाताशी तीन अक्षांचं छोटं मिलिंग मशीन आहे आणि त्याला स्टेपर मोटर (विजेच्या प्रत्येक ठोक्याला ठरलेलं एक पाऊल फिरणाऱ्या मोटर) बसवलेल्या आहेत. ते पायथनने चालवता येईल का, की आधी 'खरी' भाषा शिकावी लागेल?

येईल. मी तेच करतो, आणि सी मला आजही जेमतेम वाचता येतं. फक्त पायथनला कुठलं काम द्यायचं आणि कुठलं द्यायचं नाही, हे मला तीन ड्रिल मोडल्यावर कळलं. तुमची तरी वाचावीत म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझा पहिला प्रयत्न सगळेच करतात तसा होता. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या पिनला स्टेपरचा ड्रायव्हर, म्हणजे मोटरला वीज पुरवणारं सर्किट, जोडला आणि पायथनमध्ये एक लूप लिहिलं: पिन चालू, थोडं थांब, पिन बंद, थोडं थांब. मोटर फिरली! हळू फिरवली तर छान फिरत होती. वेग वाढवला की गुरगुरायची, थरथरायची आणि मध्येच जागच्या जागी अडकायची. ड्रायव्हर बदलला, वायरी बदलल्या, मोटरला शिव्या घातल्या. दोष मोटरचा नव्हताच.

हिशोब करून बघा. साधी स्टेपर एका फेऱ्यात २०० पावलं टाकते. ड्रायव्हरवर ८ मायक्रोस्टेप लावले, म्हणजे एका पावलाचे आठ भाग केले, तर एका फेऱ्याला १६०० पल्स, म्हणजे विजेचे ठोके. टेबल सरकवणारा लीड स्क्रू एका फेऱ्यात ते ५ मिमी सरकवत असेल, तर एका मिलिमीटरला ३२० पल्स झाले. आता टेबल मिनिटाला १५०० मिमी सरकवायचं म्हणजे सेकंदाला २५ मिमी, म्हणजे सेकंदाला ८००० पल्स. दोन पल्समध्ये १२५ मायक्रोसेकंद. हे एका अक्षाचं झालं. तिरकी रेघ मारायची तर दोन मोटरचे पल्स एकमेकांशी ताल धरून जायला हवेत, शिवाय सुरुवातीला वेग हळूहळू चढवायचा आणि शेवटी उतरवायचा.

आता लिनक्स किंवा विंडोज काय करतं? तुमचा प्रोग्राम चालू असताना मध्येच वायफायचं काम करतं, डिस्कवर काही लिहितं, मग परत तुमच्याकडे वळतं. पायथन स्वतःसुद्धा अधूनमधून मेमरी साफ करायला थांबतं. एवढ्यात एक मिलिसेकंद गेला तर स्क्रीनवर कुणालाही कळत नाही, पण मोटरच्या आठ पल्सची जागा रिकामी गेलेली असते. वेगात असलेली स्टेपर असा खंड पडला की ताल सोडते, आणि वाईट भाग असा की ती हे कुणाला सांगत नाही. तिला मागे एन्कोडर, म्हणजे प्रत्यक्ष जागा मोजणारा सेन्सर, नसतो. प्रोग्राम समजतो आपण एक्स ४० वर आहोत, टेबल प्रत्यक्षात ३८.७ वर असतं.

म्हणून पल्स पायथनने टाकायचे नाहीत. तो भाग एका छोट्या कंट्रोलरला द्या, ज्याला दुसरं काही कामच नाही. जीआरबीएल नावाचं मोफत फर्मवेअर (कंट्रोलरच्या चिपमध्ये बसणारा प्रोग्राम) आहे, ते आर्डुइनो उनो या छोट्या बोर्डवर चालतं. त्या चिपची घड्याळाची गती १६ मेगाहर्ट्झ आणि रॅम फक्त २ किलोबाइट, पण सेकंदाला ३० हजारांच्या आसपास पल्स ती न चुकता टाकते. ते फर्मवेअर सीमध्ये आहे, पण तुम्हाला त्यातली एक ओळही वाचायची गरज नाही. तुम्ही पायथनमधून यूएसबीवर त्याला मजकुराच्या ओळी पाठवायच्या: एक्स इथे, वाय इथे, या वेगाने जा. ही भाषा म्हणजे जी-कोड. पायसिरियल ही लायब्ररी घ्या, पोर्ट उघडा, संवादाचा वेग १,१५,२०० (बॉड) ठेवा, ओळ लिहा, उत्तर वाचा. बस.

ही विभागणी काही आजची नाही. १९५२ साली एमआयटीने अंकांवर चालणारं मिलिंग मशीन दाखवलं तेव्हाही आकडेमोड आधी वेगळीकडे करून ती छिद्र पाडलेल्या फितीवर उतरवत, आणि फीत वाचून मोटरना वेळच्या वेळी पल्स देण्याचं काम व्हॅक्यूम ट्यूब आणि रिले भरलेली कपाटं करत. तुमचं पायथन म्हणजे ती फीत बनवणारा माणूस. कपाटाची जागा आर्डुइनोने घेतली.

आणि फीत बनवण्यात पायथनला तोड नाही. समजा ८० मिमी पीसीडीवर, म्हणजे ८० मिमी व्यासाच्या वर्तुळावर सारख्या अंतराने, बारा होल मारायचे आहेत. हाताने करायचं तर रोटरी टेबल लावा नाहीतर कोष्टकातून सहनिर्देशक काढा. पायथनमध्ये तेच दहा ओळींचं काम आहे: त्रिज्या ४०, दर होलला ३० अंश पुढे, कोसाइनने एक्स, साइनने वाय. उद्या बाराऐवजी सतरा होल हवे झाले तर एक आकडा बदला.

या दहा ओळींमध्ये मी दोनदा आपटलो, तेही सांगतो.

पहिल्यांदा अंशांचे रेडियन करायचे विसरलो. गंमत म्हणजे सगळे होल बरोबर ८० मिमीच्या वर्तुळावरच पडले, कारण त्रिज्या बरोबर होती. अंतरं मात्र वेडीवाकडी. पहिला होल योग्य जागी होता म्हणून मी निर्धास्तपणे चहा करायला गेलो होतो. दुसरा होल एक्स ३४.६४१, वाय २० वर यायला हवा होता, तो गेला एक्स ६.१७०, वाय उणे ३९.५२१ वर. नशीब, जॉब (ज्यावर काम चालू होतं तो तुकडा) प्लायवूडचा होता.

दुसऱ्यांदा जास्त मजेशीर. चौथा होल ९० अंशांवर येतो, तिथे एक्स शून्य हवा. पण संगणकाच्या आकडेमोडीत तो अगदी शून्य येत नाही, काहीतरी २.४४९ गुणिले दहाचा उणे पंधरावा घात असा येतो. पायथन तो आकडा छापताना मध्ये इंग्रजी 'ई' अक्षर घालतं. जी-कोडमध्ये प्रत्येक अक्षर म्हणजे वेगळा शब्द, त्यामुळे जीआरबीएलने ती ओळ नाकारली आणि एरर पाठवला. माझा प्रोग्राम उत्तर वाचत होता, पण ते काय आहे ते बघत नव्हता. पुढची ओळ होती 'झेड खाली', ती कंट्रोलरने मान्य केली. ड्रिल तिसऱ्याच होलमध्ये दुसऱ्यांदा उतरलं. होलच असल्यामुळे काही बिघडलं नाही. तिथे मिलिंग कटर असता आणि मधली सरकण्याची ओळ गाळली गेली असती, तर जॉब गेलाच असता. तेव्हापासून दोन सवयी: प्रत्येक आकडा तीन दशांश स्थळांपर्यंतच छापायचा, आणि 'ओके' सोडून दुसरं काहीही उत्तर आलं की प्रोग्रामने पुढे एक ओळही पाठवायची नाही.

त्या 'ओके'बद्दलही एक गैरसमज असतो. 'ओके' म्हणजे काम झालं असं नव्हे. ओळ समजली आणि रांगेत लावली, एवढाच त्याचा अर्थ. कंट्रोलर पुढच्या पंधराएक हालचाली आधीच साठवून ठेवतो, म्हणजे कोपऱ्यावर वेग किती कमी करायचा हे त्याला ठरवता येतं. त्यामुळे तुमच्या प्रोग्रामने शेवटची ओळ पाठवून 'झालं' असं छापलं, तरी टूल अजून जॉबमध्ये असू शकतं. खरंच संपलंय का हे बघायचं तर नुसतं प्रश्नचिन्ह पाठवा, कंट्रोलर त्याची स्थिती कळवतो. 'आयडल' आलं तरच हात आत घालायचा विचार करा, आणि तेव्हाही स्पिंडल (टूल फिरवणारा दांडा) थांबलाय का ते डोळ्यांनी बघा.

हेच उलट बाजूनेही खरं आहे. पायथन प्रोग्राम मध्येच एरर येऊन बंद पडला तर मशीन लगेच थांबत नाही. रांगेत असलेल्या हालचाली ते पुऱ्या करतं, मग उभं राहतं, आणि स्पिंडल फिरतच राहतो. माझं एक ड्रिल असंच गेलं: ॲल्युमिनियममध्ये अर्ध्यावर थांबून जागच्या जागी फिरत बसलं, तापलं, धातू चिकटला आणि काडकन तुटलं. म्हणून सगळा प्रोग्राम ट्राय-फायनलीमध्ये गुंडाळा आणि फायनलीमध्ये आधी उद्गारचिन्ह पाठवा, म्हणजे फीड (टूलचं पुढे सरकणं) थांबतो. मग रीसेट, म्हणजे रांग रिकामी होते आणि स्पिंडलही बंद होतो.

पण याला इमर्जन्सी स्टॉप समजू नका. एवढं लक्षात ठेवा; या उत्तरातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल. लॅपटॉप हँग झाला, यूएसबी निघाली, कंट्रोलर गोठला, तर फायनली कुठून चालणार? लाल बटण थेट वायरीने जोडायचं. ते दाबलं की कॉन्टॅक्टर (वीज जोडणारा-तोडणारा मोठा स्विच) सुटला पाहिजे आणि स्पिंडलची व मोटर ड्रायव्हरची वीज तुटली पाहिजे, मध्ये कुठलाही प्रोग्राम नको. संपर्क नॉर्मली क्लोज्ड (एरवी जोडलेला, दाबल्यावर तुटणारा) घ्या, म्हणजे वायर तुटली तरी मशीन थांबेल. बटण परत वर ओढल्यावर मशीन आपोआप सुरू होता कामा नये, त्यासाठी वेगळं स्टार्ट बटण हवं. स्पिंडल जड असेल तर वीज गेल्यावर झेड अक्ष स्वतःच्या वजनाने खाली येतो का तेही आधी तपासून घ्या. ही वायरिंग जाणकार इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. मी स्वतः ती केली नाही.

बाकी किरकोळ वाटणाऱ्या पण दिवस खाणाऱ्या गोष्टी. पोर्ट उघडला की आर्डुइनो उनो रीसेट होतो, त्यामुळे दोन सेकंद थांबून मगच पहिली ओळ पाठवा. आणि जागेचा झिरो परत घ्या, कारण रीसेटमध्ये मशीन कुठे उभं आहे हे त्याला आठवेलच असं धरून चालता येत नाही. लिमिट स्विच (अक्षाच्या टोकाला बसवलेले स्विच) असतील तर प्रत्येक वेळी होमिंग करा, म्हणजे मशीन त्या स्विचपर्यंत नेऊन जागा नक्की करा. प्रोग्रामच्या सुरुवातीला मिलिमीटर आणि ॲब्सोल्यूट, म्हणजे जी२१ आणि जी९०, न चुकता लिहा. मी एकदा आदल्या प्रयोगात जी९१ वर सोडून दिलं होतं, मशीन रिलेटिव्ह मोडमध्ये राहिलं आणि 'झेड उणे ५'ला ते आहे तिथून अजून ५ खाली गेलं. बेडवर ती खूण अजून आहे.

व्हॅक्यूम क्लीनर चालू करताच यूएसबी पोर्ट गायब होत असेल तर कोडमध्ये चूक शोधू नका. मोटरचा आणि व्हीएफडीचा (स्पिंडलचा वेग बदलणाऱ्या उपकरणाचा) विद्युत गोंगाट वायरीत शिरतो. आखूड शील्डेड केबल वापरा, पॉवरच्या वायरींपासून ती लांब ठेवा, लॅपटॉपची वीज वेगळ्या सॉकेटवरून घ्या. या एका गोष्टीत माझे दोन रविवार गेले.

मायक्रोपायथनचं, म्हणजे छोट्या चिपवर चालणाऱ्या पायथनचं काय, असं विचाराल. रास्पबेरी पाय पिकोवर ते चालतं, आणि त्या चिपमध्ये पीआयओ नावाची छोटी स्वतंत्र यंत्रं आहेत, जी मुख्य प्रोसेसरची वाट न बघता ठरलेल्या वेळी पिन हलवतात. एक फीडर किंवा फिरतं टेबल चालवायचं असेल तर उत्तम. तीन अक्षांचा ताल आणि वेगाचे चढउतार स्वतः लिहायला बसू नका, ते काम आधीच झालेलं आहे. मोठं मशीन असेल तर लिनक्ससीएनसी हे संगणकावरून मशीन चालवणारं सॉफ्टवेअर बघा. तिथेही वेळेचा भाग सीमध्ये रिअल टाइम चालतो, आणि वरचे पडदे, बटणं, तपासण्या पायथनमध्ये लिहिता येतात.

आणि मशीन कारखान्यातलं असेल, स्वतःच्या कंट्रोलरचं व्हीएमसी (उभ्या स्पिंडलचं मोठं मशीन) वगैरे, तर त्याच्या मोटरना हात लावायचा प्रश्नच नाही. पायथनने जी-कोडची फाइल बनवा आणि नेहमीच्या मार्गाने आत टाका. फानुकसारख्या कंट्रोलरवर मॅक्रोचा, म्हणजे मशीनवरच छोटे प्रोग्राम लिहिण्याचा, पर्याय असेल तर त्यात व्हेरिएबल, इफ, व्हाइल, गोटू सगळं असतं. जुनी बेसिक भाषा पाहिलेल्याला ती तासाभरात समजते. तसे पीसीडीचे होल थेट मशीनवरच लिहिता येतात, लॅपटॉपही नको.

सी शिकायचं की नाही, हे तुम्ही फर्मवेअर बदलायला बसाल त्या दिवशी ठरवा. आधी स्पिंडलमध्ये ड्रिलऐवजी स्प्रिंग लावून एक पेन बसवा, बेडवर कागद चिकटवा आणि ५० मिमीची रेघ मारून पट्टीने मोजा. २५ मिमीच आली तर ड्रायव्हरवरच्या बारीक स्विचचं मायक्रोस्टेप सेटिंग आणि कंट्रोलरमधला पल्स प्रति मिमीचा आकडा जुळत नाहीये. तो आकडा तिथेच दुरुस्त करा; पायथनमध्ये गपचूप दोनने गुणून काम भागवू नका. मी भागवलं होतं, आणि सहा महिन्यांनी दुसऱ्या प्रोग्रामने दिलेली फाइल चालवली तेव्हा निम्म्या मापाचा जॉब हातात आला.