जुन्या गाडीचा एसी पंप: वाचकांच्या शंका

फियाट आणि अँबॅसिडरच्या एसी पंपाबद्दल, म्हणजे टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या पंपाबद्दल, सातारा-सांगलीकडून त्याच त्या शंका येतात. निवडक उत्तरं देतो.

नवा पंप बसवला, पण पेट्रोल चढवायला हाताने पंपाची लिव्हर मारताना जोरच लागत नाही. पंप खराब निघाला का? (वाई)

नाही. इंजिनबरोबर फिरून पंप चालवणाऱ्या कॅमचा उंचवटा लिव्हर दाबून बसलाय. इंजिन हाताने एक फेरा फिरवा, कॅम अर्धा फिरेल. मग लिव्हर जड लागेल. कार्बोरेटर भरला की ती पुन्हा सैल होते, तेव्हा थांबा.

त्यापेक्षा कार्बोरेटरमध्ये बाटलीने पेट्रोल ओतलं तर? (कराड)

नको. बॅकफायर झाला, म्हणजे इंजिनातून उलटी ज्वाळा आली, तर बॉनेटखाली भडका.

मिस्त्री म्हणतात, पंपाखालचा जाड फायबरचा तुकडा नसला तरी कागदी पॅकिंगवर भागतं. (मिरज)

भागत नाही. तो तुकडा इंजिनची उष्णता अडवतो, शिवाय लिव्हर किती दाबली जाईल हेही त्याच्या जाडीवर ठरतं. जुना पंप काढताना जेवढी जाडी होती तेवढीच ठेवा. जुना तुकडाच हरवला असेल तर अंदाजाने बसवू नका, फियाटवर हात बसलेल्या माणसाला विचारा.

डिपस्टिकवर ऑईल वाढलेलं दिसतं, पेट्रोलचा वासही येतो. गाडी मात्र मस्त पळते. पंप दिवाळीनंतर बदलला तर चालेल? (तासगाव)

गाडी आजच उभी करा. सेल्फसुद्धा मारू नका. बहुधा पंपाचा डायफ्राम, म्हणजे आतला रबरी पडदा, फाटलाय आणि पेट्रोल थेट ऑईल चेंबरमध्ये उतरतंय. पातळ झालेलं ऑईल बेअरिंगला सांभाळत नाही. त्यात चेंबरमध्ये पेट्रोलची वाफ कोंडलेली, म्हणजे आगीला आमंत्रणच. ‘पळते की’ म्हणून महिनोन्‌महिने चालवणाऱ्यांची इंजिनं शेवटी उघडावीच लागतात. पंपाच्या खर्चात सुटणारं काम मग कुठल्या कुठे जातं! नुसता पंप बदलूनही उपयोग नाही, ऑईल आणि फिल्टर दोन्ही बदला.

आणि ‘ओरिजिनल जुना स्टॉक’ म्हणून चढ्या भावाने विकतात त्याला भुलू नका. खोक्यावरचं नाव खरं असेलही, पण आतलं रबर वर्षानुवर्षं वाळलेलं असतं. आजच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, जुन्या रबराला ते सोसत नाही. डायफ्राम इथेनॉलला टिकणारा आहे का, हे विचारूनच पैसे द्या. नळ्यांनाही तोच नियम. पंप तोच ठेवून नुसतं डायफ्रामचं किट बदलणार असाल तर लिव्हर पूर्ण दाबून धरा आणि मगच झाकणाचे स्क्रू आवळा. नाहीतर डायफ्राम ताणलेला राहतो आणि लवकरच पुन्हा फाटतो. हे सगळं मिस्त्रींच्या देखरेखीखालीच करा.

दुकानदाराने इंजेक्शन गाडीचा इलेक्ट्रिक पंप दिलाय. ‘जास्त प्रेशर, जास्त पिकअप’ म्हणतो. (विटा)

परत करा. कार्बोरेटरला साधारण 2 ते 4 पीएसआय (दाबाचं माप) पुरतात, हा 40 च्या घरात देतो. कार्बोरेटर भरल्यावर पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई एवढा दाब रोखू शकत नाही, पेट्रोल बाहेर सांडेल.

खंबाटकी चढताना गाडी बंद पडते, पंपावर ओलं फडकं टाकलं की सुरू होते. नवा पंप घेऊ? (सातारा)

आधी खिसा मिटा. नळीत पेट्रोलची वाफ होतेय. नळी एक्झॉस्टला खेटून गेलीय का, फायबरचा तुकडा जागेवर आहे का आणि टाकीकडून येणाऱ्या नळीचे जोड हवा ओढतात का, हे तपासून घ्या. एवढं करूनही बंद पडली, तर पंपाचं प्रेशर गेजवर मोजून घ्या आणि मगच दुकानात जा.