गुहेत नेण्याआधी दिवा घरीच पिदडून घ्या

प्रश्न: हेल्मेटवर लावायला क्री कंपनीच्या एक्सएम-एल२ एलईडीचा दिवा बनवला. ३ अँपिअर देतो. हॉलमध्ये झकास चालला, पण मागच्या कोठीत नेला तर थोड्याच वेळात मंदावला आणि डबी हातात धरवेना. ड्रायव्हर (एलईडीला ठरलेला करंट देणारं सर्किट) बदलू का?
– एक वाचक, हिंगणा रोड

ड्रायव्हर इतक्यात बदलू नका. हॉलमध्ये कूलर चालू होता ना? मग दिवा तुम्ही नाही, कूलरने चालवला. गुहेत हवा बरेचदा फारशी हलत नाही, त्यामुळे कोठीतला निकालच खरा.

३ अँपिअरला हा एलईडी साधारण १० वॅट खातो. त्यातला जेमतेम तिसरा हिस्सा प्रकाश होतो, बाकी सगळी उष्णता. ही उष्णता जुन्या बल्बसारखी पुढून निघून जात नाही, एलईडीच्या पाठीतूनच काढावी लागते. म्हणून एलईडी तांब्याच्या स्टार बोर्डवर (चांदणीच्या आकाराच्या चकतीवर) घ्या. बोर्ड आणि अॅल्युमिनियमची डबी यांच्यामध्ये उष्णता पुढे नेणाऱ्या थर्मल पेस्टचा अगदी पातळ थर द्या आणि बोर्ड स्क्रूने आवळून बसवा. पुष्कळ जण इथे इपॉक्सी पुट्टीचा गोळा चिकटवून मोकळे होतात. पुट्टीतून उष्णता धड जात नाही, तिथेच सगळं बोंबलतं. डबीच्या आतला तळ सपाट नसेल तर काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासून घ्या.

नंतर कूलर, पंखा, खिडकी सगळं बंद करून पूर्ण उजेडावर अर्धा तास चालवा. डबीवर बोट टेकवून ठेवता येत नसेल तर तापमान साधारण ५० अंशांच्या पुढे गेलंय असं समजा. मग करंट सरळ अर्धा करा. उजेड निम्म्यापेक्षा जास्तच उरतो, कारण कमी करंटवर एलईडी जास्त कार्यक्षम असतो. डोळ्याला तर फरक त्याहून कमी वाटतो, आणि सेल दुपटीहून जास्त टिकतो.

प्रश्न: बाजारात ९९०० एमएएच लिहिलेले १८६५० सेल स्वस्तात मिळताहेत. घेऊ का भाऊ?
– एक विद्यार्थी, धरमपेठ

नको रे. १८६५० म्हणजे १८ मिमी जाड, ६५ मिमी लांब लिथियम सेल, आणि एमएएच म्हणजे त्यात किती वीज मावते ते. या आकाराच्या चांगल्यातल्या चांगल्या सेलची मजल साधारण ३५०० एमएएचपर्यंत. ९९०० हा आकडा फक्त वेष्टनावर असतो. इतवारीच्या सराफ्यात ओळखीचं कोणी असेल तर काट्यावर ठेवून बघ: खरा सेल ४५ ते ५० ग्रॅम भरतो, नकली बरेचदा त्याहून पुष्कळ हलका निघतो. जुन्या लॅपटॉपमधले सेल चालतात, पण मल्टिमीटरवर २ व्होल्टच्या खाली दिसले तर ते चार्ज करून बघायचा मोहसुद्धा नको, सरळ ई-कचऱ्यात दे.

अजून एक. प्रोटेक्शन सर्किटवाला (फार रिकामा व्हायच्या आत स्वतः बंद होणारा) सेल संपत आला की दिवा विझतो तो एकदम, सूचना न देता. त्यामुळे व्होल्टेज उतरलं की आधी उजेड एक पायरी खाली आणणारा ड्रायव्हर घे.

प्रश्न: महागडं यंत्र नाही. दिवा किती ताकदीचा, हे कळणार कसं?
– एक वाचक, भंडारा

ल्युमेन (दिव्यातून निघणारा एकूण उजेड) सोडा, लक्स (एका जागी पडणारा उजेड) मोजा. अंधाऱ्या खोलीत ५ मीटरवरून मोबाइलच्या लक्स अॅपवर झोत टाका. समजा २०० आले. अंतराच्या वर्गाने गुणलं की २०० × २५ = ५००० कँडेला, ही झोताची ताकद. त्याचं वर्गमूळ काढून दुप्पट करा, साधारण १४० मीटर. म्हणजे तेवढ्या लांब पौर्णिमेच्या चांदण्याइतका उजेड पोचतो. कंपन्या डब्यावर छापतात तो पल्ला हाच, त्यामुळे फार भुलू नका.

मोबाइलचा आकडा अचूक नसतो, तुलनेपुरता मात्र चोख. त्याचा खरा उपयोग वेगळाच आहे. दिवा लावून ठेवा, दर दहा मिनिटांनी आकडा वहीत टिपा आणि सुरुवातीच्या दहाव्या हिश्शावर येईपर्यंत टिपत राहा. ही वही कोणत्याही जाहिरातीपेक्षा जास्त बोलते. गुहेत भिंती जवळ असतात, म्हणून चालायला लांब झोत नको, पसरट उजेड हवा. तो ३५० मिलिअँपिअरवरही सव्वाशे ल्युमेनच्या आसपास मिळतो, आणि ३००० एमएएचचा सेल आठ तास ओढतो. लांब झोत वेगळ्या बटणावर ठेवा, खोल कपार बघण्यापुरता.

प्रश्न: पाण्याची चाचणी बादलीत बुडवून केली, पास झाला. पुरे?
– एक वाचक, रामटेक

थंड दिवा बुडवला असेल तर नाही. आधी वीस मिनिटं पेटवून चांगला तापवा, मग माठातल्या थंड पाण्यात अर्धा तास सोडा. आतली हवा आकसते आणि ओ-रिंगच्या (झाकणाच्या रबरी कडीच्या) फटीतून पाणी आत ओढते. आत टिश्यू पेपरचा तुकडा ठेवा, थेंबभर आलं तरी दिसेल.

प्रश्न: भाऊजी कोळसा खाणीत आहेत. त्यांना माझा दिवा देऊ का? खाणीतल्यापेक्षा उजेड दुप्पट आहे.
– एक वाचक, सावनेर

अजिबात नाही. कोळसा खाणीत मिथेन असतो आणि हवेत तो ५ ते १५ टक्के झाला की एक ठिणगी पुरते. तुमच्या स्विचमध्ये, सैल सोल्डरमध्ये ठिणगी पडते. लॅम्प रूममधून मिळणारा मंजूर कॅप लॅम्पच न्यायचा.

प्रश्न: आम्ही सहा जण कचारगडच्या गुहेत जाणार आहोत. एक दमदार दिवा पुरेल ना?
– एक वाचक, गोंदिया

नाही. प्रत्येकाजवळ तीन दिवे हवेत: एक हेल्मेटवर, दोन खिशात, तिन्ही दिव्यांचे सेल वेगवेगळे. त्यातला एक विकतचा साधा असू द्या, घरगुती दिव्यावर सगळी भिस्त नको. कचारगड हे गोंड समाजाचं श्रद्धास्थान आहे, माघ पौर्णिमेला तिथे मोठी यात्रा भरते, तेव्हा पूजा चालू असताना कोणाच्या तोंडावर झोत मारू नका. वटवाघळं दिसली तर दिवा लगेच खाली वळवा आणि मंद करा.