बेसबॉलच्या मायनर लीगमधला (म्हणजे अमेरिकेतल्या मुख्य मेजर लीगच्या खालच्या लीगमधला) कुठला तरुण खेळाडू पुढे चमकणार हे ओळखायचं कसं?

आधी वय बघा आणि तो कुठल्या लेव्हलला खेळतोय ते बघा, बाकी सगळं नंतर. १९ वर्षांचा पोरगा डबल-एमध्ये (मायनर लीगची वरून दुसरी पायरी) टिकून खेळत असेल तर त्याची साधारण ॲव्हरेजसुद्धा भारी समजायची, आणि २५ वर्षांचा गडी त्याखालच्या सिंगल-एमध्ये धुलाई करत असेल तर फार हुरळून जाऊ नका. हुआन सोतो हा बॅट्समन २०१८ मध्ये सिंगल-एपासून सुरुवात करून त्याच वर्षी मे महिन्यात १९ व्या वर्षी थेट मेजर लीगमध्ये पोचला, असे अर्थात क्वचितच.

दुसरं म्हणजे होमरन मोजत बसू नका, स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद) आणि वॉक (चार खराब बॉल सोडून फुकट मिळालेला पहिला बेस) बघा. खराब बॉल सोडता येतो का? डबल-एला पिचर (बॉल टाकणारे) चांगले कर्व्ह-स्लायडर, म्हणजे वळणारे बॉल, टाकायला लागतात, तिथे भल्याभल्यांची फे फे उडते. मैदानही बघायचं, मायनर लीगची टीम असलेलं अल्बुकर्की शहर समुद्रसपाटीपासून पाच हजार फुटांवर आहे, तिथे विरळ हवेत बॉल लांब जातो, त्यामुळे आकडे फुगलेले असतात.

स्काउट लोक (टीमसाठी खेळाडू हेरणारे) २० ते ८० असे मार्क देतात, ५० म्हणजे मेजर लीगचा ॲव्हरेज खेळाडू. बॅटिंग, पॉवर, धावणं, फिल्डिंग, थ्रो अशा पाच गोष्टींना वेगवेगळे मार्क. मला विचाराल तर पहिली, म्हणजे बॅटिंग, नसेल तर बाकी चार असूनही गाडी अडकते.

पिचर असेल तर मात्र जरा जपूनच, कोपर दुखापतीने कधी जाईल सांगता येत नाही.