इंग्रजीत 'च' कुठं जातो?

प्रश्न : मी परभणीत बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. सरावाच्या मुलाखतीत सांगितलं गेलं की, व्याकरण ठीक आहे, पण बोलणं धडा वाचल्यासारखं सपाट वाटतं. मराठी बोलताना माझं असं होत नाही. मग इंग्रजीतच का?

मराठीत तुमच्या मदतीला 'च', 'तरी', 'ना', 'का' असतात. 'मीच सांगितलं', 'कालच सांगितलं', 'त्यालाच सांगितलं' यांत जोर कशावर आहे, हे 'च' सांगून टाकतो. शिवाय शब्द मागेपुढे करता येतात. इंग्रजीत शब्दांचा क्रम बराच पक्का, आणि 'च' तर नाहीच. ते काम आवाजाला करावं लागतं. वाक्य इंग्रजीत नेताना आपण 'च' मागं ठेवतो आणि त्याच्या जागी काहीच ठेवत नाही. सपाटपणा तिथून येतो.

'आय डिडन्ट टेक युवर पेन' हे एकच वाक्य घ्या. जोर 'आय'वर दिला, तर मी नाही, दुसऱ्या कुणी घेतला असेल. 'टेक'वर दिला, तर घेतला नाही, नुसता बघितला. 'युवर'वर दिला, तर तुझा नाही, दुसऱ्या कुणाचा घेतला. शब्द तेच, अर्थ तीन. खास काही सुचवायचं नसेल, तर मुख्य जोर साधारणपणे शेवटच्या अर्थवाही शब्दावर पडतो : 'आय लिव्ह इन परभणी'मध्ये 'परभणी'वर.

जोर म्हणजे मोठ्यानं बोलणं, असा बहुतेकांचा समज असतो आणि तिथंच घोटाळा होतो. जोराच्या अक्षरावर सूर हलतो, स्वर लांबतो आणि आवाज जरासाच वाढतो. बाकीची अक्षरं आखडतात. 'अ कप ऑफ टी'चे आपण चार सारखे ठोके देतो. इंग्रजीत 'कप' आणि 'टी' वर येतात, 'ऑफ' मात्र आखडून 'अव' एवढाच उरतो. सगळ्याच शब्दांवर जोर दिला, तर ऐकणाऱ्याला महत्त्वाचं काय ते कळत नाही.

सरावासाठी इंग्रजी संभाषणाचा २०-३० सेकंदांचा तुकडा घ्या. बातम्या नकोत, तिथं वाचलेलं ऐकू येतं. वाक्यं लिहून काढा, बोलणारा थांबतो तिथं उभी रेघ मारा आणि प्रत्येक तुकड्यातल्या सर्वांत जास्त जोराच्या एकाच शब्दाला गोल करा. मग शब्द न उच्चारता नुसता सूर गुणगुणा. हे गुणगुणणं टाळू नका, कारण शब्द आले की लक्ष उच्चारांकडं जातं आणि सूर निसटतो. त्यानंतर शब्दांसह बोला, मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि ऐकताना एवढंच तपासा : गोल केलेल्या शब्दावर आपला सूर हलला का? रोज १५ मिनिटं, आठवडाभर तोच तुकडा. रोज नवा घेतला, तर सूर अंगवळणी पडत नाही.

प्रश्न : बीड जिल्ह्यात प्राथमिक शिक्षक आहे. प्रश्न विचारताना आवाज वर न्यायचा, असं मी मुलांना शिकवतो. हे बरोबर आहे का?

निम्मं बरोबर आहे. हो-नाही उत्तराच्या प्रश्नात सूर बहुधा वर जातो : 'डू यू लिव्ह इन बीड?' पण 'व्हॉट', 'व्हेअर', 'व्हेन'च्या प्रश्नांत तो सहसा शेवटी खाली येतो. 'व्हॉट इज युवर नेम?' शेवटी वर नेलं, तर 'काय नाव म्हणालास?' असं पुन्हा विचारल्यासारखं होतं.

मुलांना हे मराठीतूनच दाखवा. 'जेवलास.' आणि 'जेवलास?' यांत 'का' नसतानाही फरक कळतो ना? मग हजेरीच्या वेळी एकच 'येस' तीन तऱ्हांनी म्हणून घ्या. खाली आला तर 'हजर', वर गेला तर 'काय, सर?', खाली येऊन पुन्हा वर गेला तर 'हो, पण…'. सुराबरोबर हातही वर-खाली करायला लावा. सुराची दिशा चुकली की मुलांना ती हातावर दिसते.

प्रश्न : छत्रपती संभाजीनगरच्या हॉटेलात काम करतो. वेरूळ-अजिंठ्याला आलेल्या परदेशी पाहुण्यांना मी नम्रपणे 'टी?' विचारतो, तरी काहींचे चेहरे बदलतात.

तुमचा 'टी' खाली येत असावा. भाषाशास्त्रज्ञ जॉन गम्पर्झ यांनी ब्रिटनमधल्या एका मोठ्या विमानतळावर, कर्मचाऱ्यांच्या उपाहारगृहात नेमका हाच प्रकार अभ्यासला. तिथल्या भारतीय-पाकिस्तानी महिला 'ग्रेव्ही' हा शब्द खालच्या सुरात म्हणत. त्यांना विचारायचंच असे, पण ब्रिटिश कानांना ते 'ही ग्रेव्ही आहे, घ्यायची तर घ्या' असं ऐकू येई आणि त्या उर्मट ठरत. इंग्रज बायका तोच शब्द वर नेत. रेकॉर्डिंग सर्वांना ऐकवल्यावर दोन्ही बाजूंना कारण उमगलं. तुम्ही 'टी' वर न्या, किंवा सरळ 'वुड यू लाइक सम टी?' विचारा. पूर्ण प्रश्नात गैरसमजाला जागा कमी.

प्रश्न : यासाठी ब्रिटिश किंवा अमेरिकन उच्चार शिकावे लागतील का? आपला सूर तपासायचा कसा?

उच्चार आपले राहू द्या, जोर आणि सूर जागेवर हवेत. तपासायला 'प्राट' हे मोफत सॉफ्टवेअर आहे. अॅमस्टरडॅम विद्यापीठातल्या पॉल बूर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी ते तयार केलं. त्यात आवाजाचा चढ-उतार रेघेनं दिसतो. त्याच्या सेटिंगमध्ये सुराची मर्यादा पुरुषांनी ७५ ते ३०० हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला तेवढी कंपनं), स्त्रियांनी १०० ते ५०० ठेवावी. 'स', 'प', 'ट'वर रेघ तुटते, ती चूक नव्हे. पण पंख्याच्या घरघरीनंही ती विस्कटते, म्हणून रेकॉर्डिंगपुरता पंखा बंद करा.