तर्ककोडी: आधी रचावीत की आधी वेग वाढवावा?

आपण विचारले आहे ते थोडक्यात असे: वर्तमानपत्रात ‘कठीण’ म्हणून छापलेले सुडोकू आपल्याला आता सहज सुटते, ऑनलाइन स्पर्धेची प्रश्नपत्रिका मात्र दिलेल्या वेळेत निम्मीही झाली नाही, आणि त्यातच स्वतः कोडी रचून पाहावीत असे वाटू लागले आहे, तेव्हा आधी सोडवण्याचा वेग वाढवावा की रचनेला हात घालावा, आणि रचनेसाठी संगणकाचा प्रोग्रॅम लागतोच का? माझे मत असे की रचना आधी शिकावी, आणि ती कागद-पेन्सिलीने शिकावी. वेग तिच्यामागून येतो. स्पर्धेत पुढे असणारा माणूस आपल्यापेक्षा भराभर अंक लिहीत असतो असे नाही; पुढची पायरी कोठे असण्याची शक्यता आहे हे त्याला आधी जाणवते, आणि ती जाण येण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे अशा पायऱ्या स्वतः घालून पाहणे.

नुसत्या वर्तमानपत्री सुडोकूवर ही नजर तयार होत नाही, आणि त्याचे कारण त्या कोड्याच्या इतिहासात सापडते. हॉवर्ड गार्न्स या अमेरिकी वास्तुविशारदाने रचलेले हे कोडे 1979 मध्ये डेल कंपनीच्या मासिकात ‘नंबर प्लेस’ या नावाने आले. 1984 मध्ये जपानच्या निकोली या कोडी छापणाऱ्या संस्थेने ते आपल्याकडे घेतले, आणि तेथे त्याला दोन शिस्ती लागल्या: दिलेल्या अंकांच्या जागा सममितीने मांडायच्या आणि कोडे माणसाने हाताने रचायचे. जगभर पसरली ती मात्र दुसरी शाखा. हाँगकाँगमध्ये न्यायाधीश राहिलेले न्यूझीलंडचे वेन गूल्ड यांनी सुडोकू तयार करणारा प्रोग्रॅम लिहिला, 12 नोव्हेंबर 2004 रोजी लंडनच्या ‘द टाइम्स’मध्ये त्यांचे पहिले कोडे छापून आले, आणि बघता बघता बहुतेक वर्तमानपत्रांनी त्याच धर्तीची कोडी देण्यास सुरुवात केली. प्रोग्रॅमने काढलेले कोडे बिनचूक असते, त्याला उत्तरही एकच असते. परंतु त्यात सोडवणाऱ्यासाठी कोणी काही योजून ठेवलेले नसते. हाताने रचलेल्या कोड्यात अमुक ठिकाणी आपण थबकावे, तेथे एक विशिष्ट गोष्ट लक्षात यावी आणि मग उजवा वरचा भाग धडाधड सुटत जावा, अशी आखणी असते. स्पर्धेची कोडी जवळजवळ सर्व या हाताने रचलेल्या जातीची असतात.

म्हणून माझी सूचना अशी की सुडोकू काही काळ बाजूला ठेवा आणि निकोलीच्याच स्लिदरलिंकपासून आरंभ करा. त्यात बिंदूंची जाळी असते आणि काही घरांत 0 ते 3 यांपैकी अंक दिलेले असतात. त्या घराच्या चार कडांपैकी किती कडांवर रेघ आहे ते तो अंक सांगतो. सर्व रेघा मिळून एकच बंद आकृती व्हावी आणि तिने स्वतःला कोठेही छेदू वा शिवू नये, एवढाच नियम. आता जाळीच्या कोपऱ्यातील घराचा विचार करा. कोपऱ्याच्या बिंदूला दोनच कडा मिळतात, म्हणून त्या दोन्हींवर रेघ असेल किंवा एकीवरही नसेल. कोपऱ्यात 3 असल्यास त्या दोन्ही काढाव्याच लागतात, कारण त्या वगळल्या तर तिसरी रेघ आणणार कोठून? कोपऱ्यात 1 असल्यास दोन्ही वगळाव्या लागतात. हे कोणालाही लगेच दिसते. खरी गंमत 2 मध्ये आहे. तेथे कोपऱ्याच्या दोन्ही कडा घ्याव्यात की आतल्या दोन्ही घ्याव्यात हे त्या घटकेला ठरवता येत नाही. पण पहिल्या पर्यायात वरची रेघ त्या घराच्या पलीकडच्या टोकाशी येऊन सीमेवरूनच पुढे सरकते, आणि दुसऱ्या पर्यायात आतली उभी रेघ वर सीमेपर्यंत येऊन त्याच दिशेने वळते. म्हणजे कोपरा कसाही सुटो, सीमेवरची त्यापुढची कड दोन्ही बाजूंनी निश्चित झाली.

या एका उदाहरणावर मी रेंगाळलो, कारण तर्काने सोडवणे आणि अंदाजाने सोडवणे यांतील फरक नवख्या माणसाला येथे सर्वांत स्वच्छ दिसतो. दोन शक्यता मनात धरून दोहोंत समान असलेला निष्कर्ष काढणे हा शुद्ध तर्क होय. एक शक्यता पेन्सिलीने भरून पंधरा घरे पुढे जाऊन विसंगती येते का ते पाहणे याला मी कष्ट म्हणेन. कष्टानेही उत्तर मिळते, परंतु रचणाऱ्याने सोडवणाऱ्याला त्या कष्टात ढकलू नये.

आता प्रत्यक्ष रचना. सात गुणिले सात घरांची कोरी जाळी घ्या. आधी उत्तराची आकृती काढून, सर्व घरांत अंक भरून, मग ते एकेक पुसत जाण्याचा मोह होईल; तो टाळावा, कारण ती यंत्राची रीत आहे आणि तिच्यातून निघालेल्या कोड्याला सुरुवात-मध्य-शेवट असे काही राहत नाही. त्याऐवजी एक कल्पना निवडा, उदाहरणार्थ कोपऱ्यातील तो 2. तो मांडा, त्यातून निश्चित होणाऱ्या रेघा काढा आणि तेथे स्वतःच सोडवणारे होऊन थांबा: आता पुढे काहीच निष्पन्न होत नाही. मग एकच नवा अंक असा ठेवा की आधी मिळालेल्या रेघेशी त्याचा संबंध लागून निदान एक गोष्ट नव्याने सिद्ध होईल. हेच पुन्हा पुन्हा करत पुढे सरका. अशा रीतीने रचलेले कोडे पूर्ण होते तेव्हा ते आपण एकदा संपूर्णपणे तर्काने सोडवलेलेच असते, त्यामुळे उत्तर एकच आहे का ही चिंता बहुतांशी आपोआप मिटते.

गाडे अडते ते शेवटच्या कोपऱ्यात. चार-पाच घरे उरलेली असतात आणि लक्षात येते की आकृती बंदच होत नाही, किंवा फार लवकर बंद होऊन एखादा अंक उपाशी राहतो. अशा वेळी शेवटचे दोन-तीन अंक बदलून डागडुजी करण्यापेक्षा आठ-दहा पायऱ्या मागे जाणे बरे, कारण डागडुजी केलेला भाग सोडवणाऱ्याच्या हाताला बरोबर खडबडीत लागतो. यासाठीच अंक ज्या क्रमाने ठेवले त्या क्रमाची टिपणे बाजूला ठेवत जावीत.

एकमेव उत्तर हा रचणारा आणि सोडवणारा यांच्यातील करार आहे, आणि त्यातून एक विचित्र हत्यार जन्माला येते. सुडोकूत दोन ओळी, दोन स्तंभ आणि फक्त दोनच चौकोन (तीन गुणिले तीन घरांचे) यांत बसणारी चार घरे आयताच्या टोकांसारखी असतील आणि त्या चारांतही केवळ 3 आणि 7 हेच अंक शक्य राहत असतील, तर त्या दोन अंकांची अदलाबदल करून दुसरे उत्तर मिळेल. उत्तर एकच आहे असे ठाऊक असल्याने असा आयत होऊ देता येत नाही, आणि त्यावरून शेजारचा अंक ठरवता येतो. स्पर्धेत हे अवश्य वापरा. स्वतःचे कोडे तपासताना मात्र कटाक्षाने वापरू नका, कारण जे सिद्ध करायचे तेच गृहीत धरल्यासारखे होते आणि दुसरे उत्तर असलेले कोडेही निर्दोष भासते. सुडोकू रचताना पूर्ण भरलेल्या जाळीत असे आयत हुडकावेत आणि प्रत्येकातील निदान एक अंक दिलेला ठेवावा. तसेच दिलेल्या अंकांत नऊपैकी किमान आठ वेगवेगळे अंक हवेतच. दोन अंक पूर्णतः गैरहजर असतील तर उत्तरात त्यांची सरसकट अदलाबदल करता येते.

‘दिलेले अंक कमी तितके कोडे अवघड’ ही समजूत येथेही अनेकदा वाचनात येते, आणि ती सोडून द्यावी. डब्लिनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील गॅरी मॅग्वायर आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये संगणकाच्या साह्याने दाखवून दिले की 16 अंक देऊन एकमेव उत्तराचे सुडोकू होऊच शकत नाही; 17 अंकांची मात्र हजारो ज्ञात आहेत, आणि त्यांतील अनेक अगदी प्राथमिक युक्त्यांनी सुटतात. उलट 28 अंक देऊनही घाम फोडणारे कोडे रचता येते. कमी अंकांचा हव्यास धरल्याने सममिती आणि सोडवण्याची आखलेली वाट या दोन्ही गोष्टी हातच्या जातात.

नियमांत भर घालून केलेल्या सुडोकूच्या प्रकारांकडे वळाल तेव्हा हा हिशेब पार बदलतो. मिचेल ली यांचे एक कोडे मे 2020 मध्ये ‘क्रॅकिंग द क्रिप्टिक’ या यूट्यूब वाहिनीवर सायमन अँथनी यांनी सोडवले, त्यात 1 आणि 2 असे दोनच अंक दिलेले होते. बुद्धिबळातील घोड्याच्या किंवा राजाच्या चालीने जोडलेल्या घरांत समान अंक नको आणि कडेला कड लागलेल्या घरांत लागोपाठचे अंक नकोत, या अटीच उरलेले सर्व काम करतात. आणखी एक गोष्ट, जी मला कोणत्याही नव्या नियमापेक्षा सुंदर वाटते: मधल्या चौकोनाभोवतीच्या 16 घरांच्या कड्यात (वलयात) जे अंक असतात, नेमके तेच अंक जाळीच्या चार टोकांच्या दोन गुणिले दोन अशा 16 घरांत असतात. तिसरी व सातवी ओळ आणि डावा व उजवा मधला चौकोन एका बाजूला घ्या. पहिला, दुसरा, आठवा व नववा स्तंभ दुसऱ्या बाजूला घ्या. दोन्हीकडे 1 ते 9 चे चार पूर्ण संच आहेत. दोहोंत सामाईक असलेली घरे वजा केली की एका बाजूला ते कडे उरते आणि दुसऱ्या बाजूला ती चार टोके. फिस्टोमेफेल या टोपणनावाच्या जर्मन रचनाकारामुळे हे कडे प्रसिद्ध झाले. कोणत्याही साध्या सुडोकूत ते खरेच होते, फक्त त्याच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नव्हते.

प्रोग्रॅमविषयी: तपासणीसाठी तो जरूर घ्यावा, रचनेसाठी नको. एफ-पझल्स या संकेतस्थळावर सुडोकूला एकच उत्तर आहे की नाही हे क्षणात कळते. इतर प्रकारांची नीटस आकृती काढण्यासाठी पेन्पा हे ऑनलाइन साधन सोयीचे आहे. पण कोडे सुसह्य आहे का, हे यंत्र सांगणार नाही. त्यासाठी दोन माणसे हवीत, एक आपल्याहून तरबेज आणि एक साधारण, आणि त्यांना ‘आवडले का’ असे न विचारता ‘कोठे थांबलात आणि कशामुळे सुटलात’ असे विचारावे. नियम लिहितानाही हयगय नको. ‘शेजारची घरे’ एवढेच लिहिले आणि कर्णाने लागलेली घरे त्यात धरायची की नाही हे सांगितले नाही, तर निम्मे लोक वेगळेच कोडे सोडवतील.

स्पर्धेकडे येतो. जागतिक कोडे स्पर्धा 1992 मध्ये न्यूयॉर्क येथे सुरू झाली आणि जागतिक सुडोकू स्पर्धा 2006 मध्ये इटलीतील लुक्का येथे. सुडोकूची 2008 ची स्पर्धा गोव्यात झाली, आणि 2017 मध्ये दोन्ही स्पर्धा बंगळुरूला झाल्या. या स्पर्धांतील कोडी भाषा व संस्कृती यांवर अवलंबून नसतात, त्यामुळे इंग्रजीची धास्ती बाळगण्याचे कारण नाही. आपल्याकडील राष्ट्रीय निवड लॉजिक मास्टर्स इंडिया या संस्थेच्या स्पर्धांतून होते, आणि वर्षभर चालणाऱ्या तिच्या ऑनलाइन स्पर्धा हाच सरावाचा उत्तम मार्ग आहे.

आपली प्रश्नपत्रिका निम्मी राहिली ती वेगामुळे नव्हे, तर निवडीमुळे, असा माझा तर्क आहे. सूचनापुस्तिका स्पर्धेच्या आधी प्रसिद्ध होते. तीत प्रत्येक प्रकाराचे नियम, नमुना आणि गुण असतात, आणि गुण साधारणतः कोडे सुटायला लागणाऱ्या अपेक्षित वेळेच्या प्रमाणात ठरवलेले असतात. अपरिचित प्रकारांचे एकेक छोटे कोडे आदल्या दिवशी स्वतः रचून पाहिले, तर त्या नियमांतून कोणत्या पायऱ्या निघतात हे पुस्तिका कितीही वेळा वाचण्यापेक्षा अधिक समजते. प्रत्यक्ष वेळ सुरू झाल्यावर पहिल्या क्रमांकापासून ओळीने जाऊ नका. ज्या प्रकारांत आपला हात बसला आहे ते आधी उरका, आणि एखाद्या कोड्यावर तीन-चार मिनिटे काहीच हालचाल झाली नाही तर ते निर्विकारपणे सोडून द्या. पन्नास गुणांच्या कोड्यात अर्धवट गुंतून दहा-दहा गुणांची चार कोडी कोरी ठेवणारे चांगले सोडवणारे मी पुष्कळ पाहिले आहेत.

अंदाजाबद्दल वर जे कठोरपणे लिहिले ते रचनेपुरते. स्पर्धेत केवळ अंतिम जाळी तपासली जाते, तेव्हा दोनच पर्याय उरलेल्या घरात एक भरून पुढे जाण्यास हरकत नाही. मात्र तेथून पुढचे अंक फिकट लिहावेत, म्हणजे मागे परतताना काय पुसायचे हे शोधावे लागत नाही. काही ऑनलाइन स्पर्धांत चुकीचे उत्तर पाठवल्यास त्या कोड्याचे गुण घटतात, म्हणून पाठवण्यापूर्वी ओळींवरून एकवार नजर फिरवावी, आणि स्लिदरलिंकसारख्या प्रकारात रेघेचे दोन तुकडे तर झाले नाहीत ना ते बोटाने फिरून पाहावे.

आपले पहिले सात गुणिले सातचे स्लिदरलिंक तयार झाले की येथे टाका, उत्तर न देता. मी ते कागदावर सोडवीन आणि कोणत्या घरापाशी किती वेळ थांबलो ते क्रमाने लिहून कळवीन.