आदिम मंडळीवरचे चित्रपट बघताना

आदिम मंडळी म्हणजे येशूनंतरच्या पहिल्या काही शतकांतला ख्रिस्ती समाज. त्यावरचा चित्रपट बघण्याआधी बायबलच्या नव्या करारातलं ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक वाचून काढा. २८ अध्याय आहेत, दोन-तीन बैठकींत होतात. मग पडद्यावर मूळचं काय आणि पदरचं काय, ते लगेच कळतं. येशूचा शिष्य पेत्र याला उलटं क्रुसावर दिल्याचा प्रसंग बायबलमध्ये कुठेच नाही. तो ‘पेत्राची कृत्ये’ या बायबलबाहेरच्या ग्रंथातला. कृत्यांचं पुस्तक तर प्रेषित पौल रोममध्ये नजरकैदेत असतानाच थांबतं.

रोमन सम्राट नीरोच्या काळातले ख्रिस्ती कोलोसियम या रोममधल्या आखाड्यात सिंहांपुढे दिसले, तर ती सरळ चूक. जिचं खापर नीरोने ख्रिस्त्यांवर फोडलं ती रोमची आग इ. स. ६४ची, कोलोसियम खुलं झालं ८० साली. भुयारी कॅटाकोंबमध्ये लपून रोजची उपासना हाही पडद्याचा लाडका देखावा. ती मुळात दफनभूमी, आणि बहुतेक त्यानंतरच्या शतकांतली.

खरी उपासना घरात व्हायची. सीरियातल्या दुरा-युरोपसला तिसऱ्या शतकातलं असं घर सापडलं आहे: दोन खोल्यांमधली भिंत पाडून केलेली बैठक, आणि वेगळ्या खोलीत बाप्तिस्म्याचा हौद. ना घंटा, ना मनोरा. म्हणून सेटवर भिंतीवर मोठा क्रूस दिसला की शंका घ्या, तो सर्रास दिसू लागतो चौथ्या शतकापासून.

बायका कुठे आहेत तेही बघा. पटकथाकार त्यांना रडायला नाहीतर पाणी द्यायला ठेवतात. पौलाच्या रोमकरांस पत्राच्या १६व्या अध्यायात मात्र फिबी, प्रिस्का कामाच्या माणसांत मोजल्या आहेत. इ. स. ११२च्या सुमारास रोमन सुभेदार प्लिनीने चौकशीसाठी छळलेल्या दोन दासीही मंडळीच्या सेविकाच होत्या.